तत्त्व कोणाचे, किंमत कोणाची?

करमणुकीला नीतीच्या दारात उभे करणारा माणूस रसिकांच्या पंगतीत बहुधा नकोसा होतो. पानात वाढलेल्या श्रीखंडाकडे पाहून पचनशक्तीची गोष्ट काढणाऱ्या पाहुण्यासारखाच तो! तथापि ज्याच्या घरात मुले आहेत आणि शनिवार-रविवारी त्यांच्यासह चित्रपट पाहण्याची ज्याला सवय आहे, त्या प्रत्येक बापाला हा पाहुणा स्वतःच व्हावे लागते. मुलांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये, या प्रश्नापासून त्याची सुटका नाही. प्रश्न रास्त आहे यात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याच्या पाठीमागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि चित्रपट संपून खोलीतला दिवा लागला म्हणजे तो पुढे येतो.

पहिला प्रश्न फार जुना. आपले आदर्श नगर उभारताना प्लेटोला सर्वांत आधी काळजी पडली ती मुलांच्या कानांवर पडणाऱ्या गोष्टींची. आयांनी आणि दायांनी मुलांना कोणत्या कथा सांगाव्यात हे नगराच्या चालकांनी ठरवून द्यावे, असा त्याचा आग्रह. खुद्द होमरच्या कथांनाही त्याने कात्री लावली. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्यावहिल्या प्रयोगाची हकीकत आली आहे. देवांनी दैत्यांचा पराभव केला, हा त्या प्रयोगाचा विषय. तो पाहून दैत्य खवळले आणि त्यांनी प्रयोगात विघ्न आणले. अखेर ब्रह्मदेवाला त्यांची समजूत घालावी लागली, की बाबांनो, नाट्य हे केवळ तुमचे नव्हे आणि केवळ देवांचेही नव्हे. तिन्ही लोकींच्या भावांचे ते दर्शन आहे. प्लेटोला भीती वाटली ती कोवळ्या मनांची. भरताने ओळखली ती मोठ्यांची भीती. आपलेच तोंड आरशात पाहावे लागलेल्यांची. घरी मुलांना जवळ घेऊन चित्रपट पाहावयास बसले म्हणजे या दोन्ही भीती एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात. पहिलीबद्दल आपण मोठ्याने बोलतो. दुसरीबद्दल सहसा बोलत नाही.

आपल्या कायद्यानेही पहिल्या भीतीचाच विचार केला आहे, आणि कायद्याने तेवढेच करावे हे योग्य. १९५२ च्या चित्रपटविषयक कायद्यात सर्वांसाठीचे आणि केवळ प्रौढांसाठीचे असे दोन वर्ग होते. १९८३ साली त्यांच्यामध्ये 'यूए' हा वर्ग आला आणि लहान मुलांना तसा चित्रपट दाखवावा की नाही, हे पालकांकडे सोपवण्यात आले. २०२३ च्या दुरुस्तीने त्या वर्गाचेही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटभाग केले. घरोघरी आंतरजालावरून येणाऱ्या चित्रपटांसाठी २०२१ च्या नियमांनी अशाच पायऱ्या घालून दिल्या आहेत. आता पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, आणि मुलाचे वय ठाऊक असलेल्या बापाला बेरीज-वजाबाकीखेरीज काही करावे लागू नये. परंतु त्या आकड्याचा अर्थ पालकांनी लक्ष घालावे असा आहे, आणि लक्ष घालणे म्हणजे नेमके काय, ते कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही. सांगता येणारही नाही.

मी पाहिलेले पालक (त्यांत मीही आलो) तीन प्रकारे लक्ष घालतात. पहिला पहारेकरी. त्याचा हात सदैव रिमोटवर. नको ते दृश्य येणार असा वास आला, की चित्र पुढे पळते. मुले त्या पळत्या चित्रातूनही पाहावयाचे ते पाहतात, आणि 'बाबा कशाला घाबरतात' हे मात्र कायमचे शिकतात. दुसरा कीर्तनकार. त्याला प्रत्येक प्रसंगाचे तात्पर्य सांगितल्यावाचून चैन पडत नाही. पडद्यावर माणूस मरत असतो आणि इकडे निरूपण चालू! तिसरा सवंगडी. तो मुलांबरोबर हसतो, शिट्ट्या मारतो, चित्रपट संपला की जांभई देऊन झोपावयास जातो. तिघांत हा मला सर्वांत आवडतो, मुलांनाही आवडतो. परंतु मुलाला काही विचारावयाचे असते तेव्हा हाच नेमका अंथरुणात शिरलेला असतो.

हा सगळा विचार कुणाला चैनीचा वाटेल. त्याला आमच्या भागातले शनिवार-रविवार दाखवले पाहिजेत. विरारहून चर्चगेटला जाणारी गाडी साठ किलोमीटर धावते. नायगाव, वसई, नालासोपारा, विरार येथील असंख्य आईबाप पहाटे उठून ती गाडी पकडतात आणि रात्री त्याच गाडीने, पहिल्या खेपेपेक्षा अधिक चुरगळलेले, परत येतात. मुले सकाळी झोपलेली पाहावयाची आणि रात्री झोपलेली पाहावयाची. त्यांची उंची वाढली हे अंथरुणावरून कळते. आठवड्याचे पाच दिवस, आणि पुष्कळांच्या बाबतीत सहा, हे असे गेल्यावर उरते ते दीड-दोन दिवसांचे पितृत्व. त्या दोन दिवसांत बाजार आहे, पाणी भरणे आहे, लग्नमुंजी आहेत, जीवदानीचा डोंगर चढणे आहे, अर्नाळ्याच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावरचा वारा आहे. आणि पावसाळ्यात चारही बाजूंनी पाणी तुंबले म्हणजे काहीच नाही. मग घर आणि घरातला पडदा. तेव्हा चित्रपटात जाणारे ते पाच-सहा तास हा आमच्या एकत्र जगण्यातला लहानसहान भाग नव्हे. बापाला आठवड्यातून एकदा मिळणारी ती शिदोरी आहे. ती कशी खर्चावी हा प्रश्न मग चैनीचा राहत नाही.

शिवाय एकत्र पाहणे यात एक मौज आहे आणि एक फसवणूकही आहे. जेवावयास बसलेली माणसे एकमेकांच्या तोंडांकडे पाहतात. चित्रपट पाहणारी माणसे एकाच दिशेला तोंड करून बसतात. खांद्याला खांदा लागलेला असतो, परंतु डोळ्याला डोळा नसतो. दोन-अडीच तास असे बसून 'आज सगळे एकत्र होतो' असे समाधान मानून घेता येते. ते खोटे असते असे नाही. पण ते अर्धेच असते.

मौज अशी, की रिकाम्या वेळाच्या सदुपयोगाचा हा विचार आमच्याच गावच्या दगडावर कोरलेला आहे. आज रेल्वेच्या फलाटांमुळे आणि इमारतींच्या गर्दीमुळे ज्याचे नाव निघते त्या नालासोपाऱ्याच्या पोटात प्राचीन शूर्पारक बंदर आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, आणि त्याच साली त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तुकड्यावर मोजकीच अक्षरे उरली आहेत. परंतु गिरनारसारख्या ठिकाणी तो लेख पुरा वाचावयास मिळतो. त्यात सम्राट सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत. त्यांत मृगया असे, आणि अशाच दुसऱ्या करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः बोधिवृक्षाकडे गेला, आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय होते? श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांच्या भेटी, दाने, खेड्यापाड्यांतल्या लोकांचे दर्शन, त्यांना धर्माचा उपदेश, आणि धर्मपरिपृच्छा. हा शेवटचा शब्द मला फार मोलाचा वाटतो. परिपृच्छा म्हणजे विचारपूस. चहूबाजूंनी प्रश्न विचारणे. एवढे सांगून सम्राट म्हणतो, की या यात्रेत आपल्याला अधिक आनंद वाटतो. करमणुकीवर बंदी घातल्याचा सूर या लेखात नाही. एक रस चाखल्यावर त्याहून गोड रस सापडला, असे सांगणाऱ्या माणसाचा तो सूर आहे. आणि तो दुसरा रस माणसांना भेटण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि विचारू देण्याचा आहे. सोपाऱ्याच्या हद्दीत राहणाऱ्या बापाला आपल्या रविवारच्या विहारयात्रेचे काय करावे, याची दिशा बावीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी कोरून ठेवली आहे.

परिपृच्छा झाली म्हणजे काय होते ते सांगावयास एका शनिवार-रविवारचा दाखला पुरेल. श्रावणातली झड लागली होती. आम्ही तीन चित्रपट पाहिले. घरात माझी आई, पत्नी, सतरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा.

शनिवारी संध्याकाळी आईच्या इच्छेप्रमाणे 'श्यामची आई' लावला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या कथेवर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला हा चित्रपट. देशात राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. माझ्या आईने तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. त्यानंतर किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. पण तिचे डोळे अजून ठरलेल्या जागी भरून येतात. पोहावयास घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिमटीने मारते, तो प्रसंग आला. आजीने पदर डोळ्यांना लावला, आणि तिला टेकून बसलेला नातू सरळ उठून बसला. "आजी, तो घाबरला होता ना? मग घाबरलेल्याला मारतात का?"

आजीने सांगितले, की मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आईने काळजावर दगड ठेवून मारले. "मग त्याला कोणी भित्रा म्हटले असते तर वाईट कोणाला वाटले असते? त्याला की तिला?" मुलाने विचारले. वकिलाचे पोर असते तर मी समजलो असतो! आजी रागावली नाही. परंतु तिच्या देवघरातली मूर्ती कोणीतरी हलवून पाहावी, तसे तिचे झाले.

येथे कीर्तनकार बापाला दोन सोप्या वाटा होत्या. 'तो काळ वेगळा होता' असे म्हणून आजीला काळाच्या हवाली करावयाचे, किंवा 'मोठ्यांविषयी असे बोलू नये' असे म्हणून मुलाला गप्प करावयाचे. दोन्ही वाटांनी प्रश्न मरतो. मुलाने विचारले होते ते मार योग्य की अयोग्य एवढेच नव्हते. भीती मुलाची, अंगावरचे वळ मुलाचे, आणि लाज मात्र कोणाची, असा तो हिशेब होता. मी त्याला एवढेच म्हटले, की याच बाईने स्वतःसाठी काय ठेवले आणि मुलांसाठी काय झिजवले तेही पुढे पाहा. मग दोन्ही बाजू लिहून काढ. त्याने पुढचा चित्रपट फार बारकाईने पाहिला. शेवटी म्हणाला, "ती चांगली होती. पण मारायला नको होते." आजी म्हणाली, "नको होते खरे." त्या वाक्याने घरातले काही कोसळले नाही. आईची थोरवी होती तेवढीच राहिली, आणि एका नऊ वर्षांच्या न्यायाधीशाचा निकालही राहिला.

रविवारी दुपारी आगाशीचे भुजिंग आणले होते. पोह्यांत मिसळलेल्या त्या खरपूस कोंबडीच्या संगतीने 'एलिझाबेथ एकादशी' पाहिला. परेश मोकाशी यांचा २०१४ चा हा चित्रपट पंढरपुरात घडतो. वडील गेलेले, त्यांनी आपल्या हातांनी बनवलेली सायकल, तिचेच नाव एलिझाबेथ. घर कर्जात आहे, सायकल विकण्याची पाळी येते, आणि ती वाचवण्यासाठी मुले आईच्या नकळत यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. आमच्याकडे हसण्याचा कल्लोळ झाला. मग मुलीने एक गोष्ट दाखवून दिली. या चित्रपटात दुष्ट कोणीच नाही. आईला सायकल विकावयाची नाही, पण घर चालवावयाचे आहे. मुलांना खोटे वागावयाचे नाही, पण वडिलांची आठवण जाऊ द्यावयाची नाही. "आणि बघा बाबा," ती म्हणाली, "इथे आई मुलांना काही गमवायला लावते तेव्हा तीही तितकीच गमावते. म्हणून तिचा राग येत नाही." आदल्या संध्याकाळच्या हिशेबाचे पुढचे पान तिने लिहिले होते.

तिसरा चित्रपट रात्री, धाकटा झोपल्यावर. नागराज मंजुळे यांचा २०१६ चा 'सैराट'. मुलीने तो पूर्वी तुकड्या-तुकड्यांनी पाहिला होता. गाणी तर पाठच. पुरा आणि आईबापांबरोबर प्रथमच पाहत होती. पाटलाची आर्ची आणि पारधी कोळ्याचा परश्या. गावातून पळणे, हैदराबादच्या झोपडपट्टीतले दिवस, रोजगार, संशय, भांडण, समेट, मूल, स्वतःचे घर. मग आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटवस्तू घेऊन येतो. ती हरखते, चहा करते. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. शेवटी शेजारणीकडून परत आलेले ते अजाण मूल घरात पाऊल टाकते आणि पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो. आमच्या खोलीतलाही नाहीसा झाला. बाहेर पावसाचा आवाज होता तेवढाच.

मी उठून दिवा लावला. पत्नी स्वयंपाकघरात जावयास निघाली होती ती दारात थांबली, कारण मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही काय केले असते?"

हाच तो दुसरा प्रश्न. आंतरजालावर कोठेही दिसणारा वयाचा आकडा या प्रश्नापासून बापाचे रक्षण करू शकत नाही. 'चित्रपट आहे तो' असे म्हणून त्याला टाळता येईल; परंतु वसईसारख्या ठिकाणी ते खोटे वाटते. या एका तालुक्यात सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी, आदिवासी, किरिस्तांव अशी किती माणसे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिली! आता इमारतींच्या एकेका जिन्यावर कोकण, देश, गुजरात आणि उत्तर प्रदेश एकत्र नांदतात. पोरे एका गाडीतून कॉलेजला जातात. सणाला एकमेकांकडे करंज्या, केक आणि सुकेळी जातात, कौतुकाने जातात. परंतु ताटे जितक्या सहज एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तितक्या सहज मुली जात नाहीत. मुलीचा प्रश्न केवळ आर्चीविषयी आहे की नाही, हे मी तिला विचारले नाही. तो माझा अधिकार नव्हता. उत्तर मात्र तिचा अधिकार होता.

मी म्हटले, "मी तुला भेटायला आलो असतो. काहीही झाले तरी आलो असतो."

ती म्हणाली, "प्रिन्सपण आला होता बाबा, भेटायला."

बापाच्या मायेवर याहून कठोर टीका मी ऐकलेली नाही, आणि ती टीका खरी होती. माया आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. भेटवस्तूंच्या पिशव्यांतून आलेली मायाही मुलीने दारात उभी पाहिली होती, आणि तिच्यामागून काय आले तेही पाहिले होते. अशा हत्या करणाऱ्यांना विचारा. आपले मुलीवर प्रेम नव्हते असे त्यांतला कोणीही म्हणणार नाही. प्रेम होते, पण त्याच्यावर घराण्याची लाज बसलेली होती, आणि त्या लाजेची वसुली मुलीच्या देहातून व्हावयाची होती. थोड्या वेळाने मी म्हटले, "मला राग येईल. कदाचित फार येईल. मी बोलेनही. पण माझ्या रागाची किंमत तू द्यायची नाहीस. ती मी देईन." ती काही बोलली नाही. बशा उचलून आत नेल्या. तिच्या आईने मागाहून विचारले, "लोकांनी तोंडे फिरवली तर?" मी म्हटले, "तीच ती किंमत. तिला द्यावी लागेल ती आपल्या दोघांना." पत्नी म्हणाली, "मग दोघांनी मिळून म्हणायचे होते." आणि आत जाऊन तिने ते मुलीला सांगितले.

आता या तीन प्रश्नांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांतला दोरा स्पष्ट दिसतो. मुलाने शिमटीबद्दल विचारले, मुलीने सायकलीबद्दल सांगितले, आणि मग तिने आपल्या बापाला समोर उभे केले. तिन्ही वेळा विषय एकच. आईबापांना एखादी गोष्ट प्राणाहून प्रिय असते. कोणाला धैर्य, कोणाला प्रामाणिकपणा, कोणाला धर्म, कोणाला घराण्याचे नाव. या गोष्टी सारख्या मोलाच्या नाहीत, हे उघड आहे. श्यामच्या आईचे संस्कार आणि पाटलाची प्रतिष्ठा यांना एका तराजूत घालणारा माणूस आंधळाच म्हणावा लागेल. तथापि तत्त्व थोर आहे की क्षुद्र, एवढे पाहून नीतीचा विचार संपत नाही. त्या तत्त्वाची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. तत्त्व बापाचे आणि किंमत लेकराची, असा व्यवहार जेथे होतो तेथे तत्त्व सोन्याचे असले तरी हिशेबात खोट आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग मुलांना वळण कसे लावावयाचे? त्यांना शाळेत धाडतो, औषध पाजतो, लवकर उठवतो. या सर्वांची किंमत मूलच देते की नाही? आक्षेप खरा आहे. परंतु तेथे किंमत मूल देते आणि लाभही मुलालाच होतो. आणि उद्या मोठे होऊन 'हे तुम्ही का केलेत' असे त्याने विचारले, तर त्याच्याच हिताचे नाव घेऊन उत्तर देता येते. जेथे उत्तरात मुलाचे हित निघत नाही, केवळ आपली मान ताठ राहणे निघते, तेथे थांबावे. ही सीमारेषा बापाला एकट्याने दिसत नाही. त्याच्या जागेवरून त्याला स्वतःचे तत्त्वच मोठे दिसते. ती रेषा दिसते मुलाच्या जागेवरून. म्हणून एकाच चित्रपटाकडे दोघांनी शेजारी बसून पाहण्याचे महत्त्व. पडदा एकच, पण आजी आईला पाहत असते आणि नातू मार खाणाऱ्याला. बाप पाटलाच्या घराकडे चोरून पाहतो आणि मुलगी आर्चीकडे उघड पाहते. कथा माणसाला दुसऱ्याच्या जागी बसवते असे म्हणतात. ते खरे व्हावयाचे असेल, तर कथा संपल्यावर दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसले ते त्याला विचारले पाहिजे, आणि उत्तर ऐकेपर्यंत बसून राहिले पाहिजे.

आपल्या चित्रपटाचा आरंभच एका घरगुती प्रेक्षकाने केला, ही गोष्ट येथे आठवते. दादासाहेब फाळके यांनी गिरगावातल्या एका चित्रगृहात येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो एकदा पाहून त्यांचे समाधान झाले नाही. ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. परक्यांच्या देवाची कथा पाहताना त्यांना आपल्या देवांची आठवण झाली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यात हरिश्चंद्राच्या मुलाचे, रोहिदासाचे काम फाळक्यांच्या स्वतःच्या मुलाने, भालचंद्राने केले होते.

आणि कथा तरी कोणती! राजाने दिलेला शब्द. तो खरा करण्यासाठी राज्य गेले, राणी विकली गेली, मुलगा विकला गेला, अखेर सर्पदंशाने मेला. सत्यासाठी सर्वस्व देणाऱ्या त्या राजापुढे आपण पिढ्यान् पिढ्या हात जोडले. मीही जोडतो. परंतु मुलांशेजारी बसून चित्रपट पाहावयाची सवय लागली म्हणजे असा विचार मनात येतोच, की रोहिदासाला कोणी विचारले होते का? सत्य राजाचे होते. सर्पाचा दंश मुलाला झाला. देवांनी शेवटी त्याला उठवले हे कथेचे औदार्य. आपल्या घरांत देव असे वेळेवर येतील याचा भरवसा नाही.

याच कथेचा दुसरा अर्थही मला अलीकडे दिसू लागला आहे. लोकांत रूढ असलेल्या कथेप्रमाणे हरिश्चंद्राने राज्य दिले ते स्वप्नात, आणि जागा झाल्यावर त्याने तो शब्द पाळला. चित्रपट हेही एक स्वप्नच. अंधारात, अनेकांनी मिळून पाहिलेले. त्यातून उठल्यावर मूल काही विचारते आणि आपण काही बोलून जातो. दिवा लागल्यावर तो शब्द स्वप्नातला म्हणून सोडून देणे सोपे आहे. सोमवारी पहाटेच्या गाडीत तो सहज विसरता येतो. तो न विसरणे, आणि त्याची किंमत द्यावयाची वेळ आली तर ती स्वतःच्या पदरातून देणे, एवढे हरिश्चंद्रपण संसारी माणसाला पुरे आहे. मुलांना काय दाखवावे याची चिंता आपण अवश्य करावी. आकडा पाहावा, वय पाहावे, वेळ पाहावी. आणि मग चित्रपट संपल्यावर घाईने उठू नये; मुलाला काही विचारावयाचे असण्याचा संभव असतो.